वळवाचा पाऊस आणि विश्वामित्रीतील ऑक्सिजन: बडोद्यातील एका विद्यार्थी-प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

बडोद्यातील एका महाविद्यालयाच्या पर्यावरणशास्त्र विभागातील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी मे आणि जून महिन्यांत केलेल्या क्षेत्रकार्याचा हा वृत्तान्त आहे. त्यांचा अहवाल, त्यामागच्या कच्च्या नोंदवह्या आणि तोंडी परीक्षेतील उत्तरे प्रस्तुत लेखकाला बाह्य परीक्षक या नात्याने पाहावयास मिळाली. महाविद्यालयाचे व संबंधितांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. मूळ आकडेवारी विद्यार्थ्यांच्या अहवालाची असल्यामुळे तिची दिशा तेवढी येथे सांगितली आहे; जेथे आकडेमोड दाखविणे आवश्यक होते तेथे ‘समजा’ असे म्हणून सोयीचे आकडे घेतले आहेत.

गटापुढील प्रश्न साधा होता. चार-पाच महिन्यांच्या कोरड्या काळानंतर वादळ-वाऱ्यासह जो पहिला जोरदार वळीव येतो, तो शहरातील ओढ्याच्या आणि नदीच्या पाण्याचे काय करतो? पाऊस पाणी धुऊन स्वच्छ करतो असे म्हणणारा एक पक्ष वर्गात होता आणि पाऊस शहराची सगळी घाण पाण्यात लोटतो असे म्हणणारा दुसरा. दोन्ही पक्षांचे म्हणणे अंशतः खरे निघाले. मात्र ते ज्या आकड्यांवर सिद्ध होईल असे गटाला वाटत होते त्यांवर ते सिद्ध झाले नाही, आणि या प्रकरणाची लिहून ठेवण्याजोगी बाजू तीच आहे.

स्थळ आणि ऋतू

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते, बडोदे शहराच्या मधून सयाजीबागेला वळसा घालत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे वळते. उन्हाळ्यात तिला स्वतःचा असा प्रवाह फारसा उरत नाही. शहरातील सांडपाण्याचा जो भाग तिच्यात येतो, शुद्धीकरण केंद्रांतून सोडलेले जे पाणी येते आणि शहरातील ओहोळांमधून जे झिरपते त्यावरच ती टिकून असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत विश्वामित्रीचाही समावेश होता. शहरातील पावसाचे पाणी नदीकडे नेणारे जुने नैसर्गिक ओहोळ, ज्यांना बडोद्यात कांस म्हणतात, त्यांपैकी छाणी-निझामपुऱ्याच्या बाजूने येणारी भूखी कांस विद्यार्थ्यांनी निवडली. कांसेवरील एक लहान पूल हे पहिले नमुनास्थान आणि सयाजीबागेच्या परिसरातील नदीवरचा पूल हे दुसरे.

स्थानांची ही जोडी विचारपूर्वक निवडलेली होती. कांस उथळ, अरुंद आणि चपळ असल्यामुळे पाऊस पडू लागल्यावर काही मिनिटांत तिचे पाणी चढते आणि तास-दोन तासांत उतरते. नदीचे पात्र उन्हाळ्यात डोहाडोहांचे असते. तेथे पाणी हळू सरकते, जलपर्णी नसेल तेथे हिरवे दिसते, आणि पावसाचा परिणाम उशिरा येऊन रेंगाळतो. एकाच वादळाचे दोन वेगवेगळे चेहरे पाहण्याची ही सोय होती, जरी तिचा पुरता अर्थ गटाच्या लक्षात प्रकल्पाच्या उत्तरार्धातच आला.

पाण्यात न उतरण्याची अट

विश्वामित्रीत पाण्याचा अभ्यास करणाऱ्यावर एक बंधन असे आहे जे दुसऱ्या शहरांतील ओढ्यांवर सहसा नसते. या नदीच्या शहरी पट्ट्यात शेकडो मगरी राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेला हा प्राणी उन्हाळ्यात काठाच्या मातीत अंडी घालतो, पिल्ले वळवाच्या आणि पहिल्या पावसाच्या सुमारास बाहेर येतात, आणि त्या काळात मादी घरट्याजवळ कोणाला फिरकू देत नाही. म्हणजे प्रकल्पाचा हंगाम आणि मगरीच्या विणीचा अखेरचा काळ एकच. कांसेत तरी गुडघाभर पाण्यात उतरू द्यावे, असा गटप्रमुख विद्यार्थिनीचा आग्रह होता. मार्गदर्शक प्राध्यापिकांनी तो एका वाक्यात संपविला. “कांस नदीला मिळते, आणि मगरीला हद्द वाचता येत नाही.” सर्व नमुने पुलावरून किंवा भिंतीवरूनच घ्यावयाचे, असे ठरले.

दुसरे बंधन विजेचे होते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या इमारतीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये, हा सर्वमान्य नियम गटाने लेखी स्वीकारला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप प्रत्येकाच्या फोनमध्ये होते. मोकळ्या पुलाच्या लोखंडी कठड्याला टेकून ओला दोर हाती धरलेला विद्यार्थी ही कल्पनाच पुरेशी बोलकी असल्यामुळे नियमाविषयी वाद झाला नाही. पण नियम पाळल्याचा परिणाम काय होतो याविषयी मात्र मोठा वाद झाला, आणि तो योग्यच होता.

कोरड्या काळानंतरच्या पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ, तेल, टायरांची झीज, पालापाचोळा, जनावरांचे मलमूत्र आणि गटारांच्या तळाशी बसलेला गाळ हे सारे पाणी चढत असतानाच वाहून येते. गढूळपणाचा कळस बहुधा पाण्याच्या कळसाच्या आधी गाठला जातो. पाणी उतरू लागेपर्यंत धुण्याजोगे बरेचसे धुऊन गेलेले असते. त्यामुळे चढत्या पाण्याचा नमुना आणि त्याच उंचीच्या उतरत्या पाण्याचा नमुना यांत फार फरक पडतो. आणि नेमका चढता भाग वादळाच्या माथ्यावर, विजांच्या गडगडाटात येतो, जेव्हा विद्यार्थ्यांनी इमारतीत असले पाहिजे. जो नमुना सर्वांत मोलाचा, तोच घेण्यास मनाई.

यावर गटाने काढलेला तोडगा अहवालातील सर्वांत चांगला भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कांसेच्या पुलाच्या भिंतीला, कोरड्या दिवशी आणि वरूनच, एक लोखंडी पट्टी घट्ट बसविण्यात आली. तिच्यावर निरनिराळ्या उंचीवर बाटल्या बांधल्या. प्रत्येक बाटलीच्या बुचातून दोन वाकविलेल्या नळ्या काढल्या होत्या, एक पाणी आत येण्यासाठी व दुसरी, जरा उंच तोंडाची, हवा बाहेर जाण्यासाठी. पाणी चढत चढत नळीच्या बाकावर आले की ती बाटली आपोआप भरते आणि एकदा भरली की पुढचे पाणी फारसे आत घेत नाही. अशा रीतीने तळची बाटली पाणी चढू लागतानाची आणि वरची बाटली कळसाजवळची स्थिती धरून ठेवते, आणि माणूस तेव्हा घरात सुरक्षित असतो. जलविज्ञानात ही युक्ती बरीच जुनी आहे. शीतपेयाच्या बाटल्या आणि सलाइनची नळी वापरून ती करण्याचा खर्च मात्र येथे नगण्य होता.

बाटली कोणत्या उंचीवर भरली हे तिच्या जागेवरून कळते, पण केव्हा भरली हे कळत नाही. तेही सुटले. कांसेला लागून असलेल्या इमारतीत गटातील एक विद्यार्थिनी राहत होती. तिने भिंतीवर रंगविलेल्या मोजपट्टीची छायाचित्रे आपल्या घराच्या खिडकीतून ठरावीक अंतराने काढली, आणि छायाचित्राची वेळ व पाण्याची उंची जुळवून बाटल्यांना वेळ देता आली. पाऊस मोजण्यासाठीही असाच विचार झाला. हवामान खात्याचे रोजचे पर्जन्यमान सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचे असते. चाळीस मिनिटांत कोसळलेले ३० मिलिमीटर आणि दिवसभर रिमझिमलेले ३० मिलिमीटर त्यात सारखेच दिसतात, तर कांसेला त्यांतील फरक फार मोठा असतो. म्हणून गच्चीवर नरसाळे ठेवून त्याची नळी जिन्यात आणली व तेथे मोजपात्र ठेवले, जेणेकरून गच्चीवर न जाता दर दहा मिनिटांनी वाचन घेता यावे. वळीव शहरभर सारखा पडत नाही, निझामपुऱ्यात झोडपतो आणि मांजलपुरात रस्ता कोरडा असतो, हे बडोदेकरांना सांगावयास नको. त्यामुळे मोजपात्र कांसेच्याच पाणलोटात असणे अगत्याचे होते.

बादली आणि बाटली

भिंतीवरच्या बाटल्यांतून गढूळपणा, विद्युतवाहकता (तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो) आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणजे बीओडी (सेंद्रिय घाण कुजविताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) यांचा अंदाज घेता येतो, पण विरघळलेला ऑक्सिजन मोजता येत नाही, कारण पाणी बाटलीत शिरताना हवेशी मिसळते आणि नंतर बाटलीत पडून राहिल्यावर जिवाणू त्यातील ऑक्सिजन खातात. ऑक्सिजनसाठी माणसानेच नमुना घेऊन जागेवर स्थिर करणे, म्हणजे रसायने घालून त्यातील ऑक्सिजन बदलू न देणे, भाग होते.

विभागात विंक्लर पद्धत वापरली जात होती, आणि लायोश विंक्लरने १८८८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी अशीच आहे. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता नमुना भरावयाचा, मँगनीज सल्फेट आणि अझाइडयुक्त अल्कधर्मी आयोडाइड घालून तपकिरी साका बसू द्यावयाचा, मग गंधकाम्ल घालून तो विरघळवावयाचा आणि सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करावयाचे, म्हणजे रंग जाईपर्यंत ते द्रावण मोजून थेंबाथेंबाने घालावयाचे. २०० मिलिलिटर नमुन्याला ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचे थायोसल्फेट जितके मिलिलिटर लागते, तितकेच मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन पाण्यात असतो, ही सोय विद्यार्थ्यांना विशेष आवडते. सांडपाण्यात या मोजणीत अडथळा आणणारे नायट्राइट असल्यामुळे अझाइड टाळून चालत नाही. वादळाच्या पाण्यात गाळ इतका असतो की तो टायट्रेशनमध्येही ढवळाढवळ करतो. त्यासाठी तुरटीने गाळ आधी बसविण्याचा फेरफार करावा लागतो. गटाने तो केला, पण सर्व नमुन्यांना केला नाही, आणि कोणत्या नमुन्यांना केला हे नोंदवहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले होते, अहवालात नव्हते.

खरी अडचण त्याआधीच होती. पुलावरून बादली सोडून पाणी काढावयाचे आणि बादलीतून बाटली भरावयाची, ही पहिली रीत. प्रयोगशाळेतील सहायकांनी (विद्यार्थी त्यांना काका म्हणत) एका बाटलीच्या गळ्याखाली चिकटलेले बारीक बुडबुडे दाखवून विचारले, “हे पाणी नदीतले की धबधब्यातले?” बादली उंचावरून आपटते, दोराने वर येताना हिंदकळते, आणि तिच्यातून पाणी ओतताना पुन्हा हवा खाते. ज्या पाण्यात ऑक्सिजन आधीच भरपूर आहे त्याला यामुळे विशेष फरक पडत नाही. ज्या पाण्यात तो जवळजवळ संपलेला आहे ते हवेतून झपाट्याने ऑक्सिजन ओढते. म्हणजे बादलीची चूक सर्वत्र सारखी नसते, नदी जितकी आजारी तितका बादलीचा आकडा अधिक खोटा. वजन लावलेल्या पिंजऱ्यात बाटली ठेवून, बुचातील लांब नळीने ती पाण्याखाली तळापासून भरेल असा नमुनापात्राचा प्रकार मग तयार झाला, आणि काही वेळा बादली व पिंजरा यांचे नमुने एकाच वेळी घेऊन तुलना करण्यात आली. बादलीचा आकडा प्रत्येक जोडीत वर होता आणि कमी ऑक्सिजनच्या वेळी तफावत अधिक होती. बादलीचे सुरुवातीचे आकडे गटाने पुढच्या तक्त्यांतून वगळले, पण अहवालाच्या परिशिष्टात ठेवले. हा निर्णय योग्य होता.

पहिल्या वादळाची संध्याकाळ

अपेक्षेप्रमाणे वादळ दुपार सरताना उठले. उन्हाळी वादळे दिवसभर तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेतून तयार होत असल्यामुळे ती बहुधा दुपारनंतर किंवा संध्याकाळीच येतात. ही साधी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. धुळीचा लोट, मग वारा, मग टपोरे थेंब, आणि तासाभरात सारे शांत. गडगडाटानंतरची अर्धा तासाची मुदत संपल्यावर गट पुलांवर पोहोचला.

कांसेच्या बाटल्यांनी अपेक्षित चित्र दिले. तळच्या बाटलीचे पाणी जवळजवळ काळे होते, वरच्या बाटल्यांचे मातकट. विद्युतवाहकता मात्र वर जाताना उतरत गेली. येथे वर्गातील ‘पाऊस पाणी धुतो’ हा पक्ष हर्षभरित झाला, कारण क्षार कमी झाले होते. या ठिकाणी मार्गदर्शकांनी जी आकडेमोड करावयास लावली ती अनुकरणीय आहे. समजा, कोरड्या दिवसाच्या कांसेची वाहकता १२०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर आहे, रस्त्यावरून आलेल्या पावसाच्या पाण्याची १०० आहे, आणि वादळात ४३० मिळाली. तर मिश्रणात कांसेचे जुने पाणी तीस टक्के आणि पावसाचे सत्तर टक्के, हे उघड आहे. आता कोरड्या दिवशीची बीओडी ४० मिलिग्रॅम प्रतिलिटर असेल आणि पावसाच्या पाण्याने काहीच घाण आणली नसेल, तर वादळात ती १२ च्या आसपास यावयास हवी. प्रत्यक्षात ती त्याहून जितकी अधिक येईल तितकी पावसाने रस्त्यावरून, गटारांतून आणि तळाच्या गाळातून उचललेली. म्हणजे क्षार पातळ झाले आणि त्याच वेळी सेंद्रिय घाण वाढली, या दोन गोष्टी एकाच बाटलीत सुखाने नांदू शकतात. वाहकतेचा आकडा येथे स्वच्छतेची साक्ष देत नाही, तो केवळ किती पाणी मिसळले हे सांगतो.

बीओडीची चाचणी भारतीय मानकाप्रमाणे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांची होती, त्यामुळे हे उत्तर लगेच मिळाले नाही. त्या रात्री हाती होते ते ऑक्सिजनचे टायट्रेशन. नदीच्या पुलावर दुपारी, वादळापूर्वी, घेतलेला आकडा चांगला होता. वादळानंतर दिवस मावळताना तो बराच खाली आला होता, आणि अंधार पडल्यावर आणखी खाली. मासे व वन्यजीवांसाठीच्या पाण्यात किमान ४ आणि स्नानाच्या पाण्यात किमान ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन असावा, असे केंद्रीय मंडळाचे वर्गीकरण सांगते. संध्याकाळचे आकडे या दोन्ही रेषांखाली होते. गटाने अहवालाच्या मसुद्यात लिहिले की वादळामुळे काही तासांत नदीतील ऑक्सिजन कोसळला. आलेखावर वादळाची वेळ लाल रेषेने दाखविली होती आणि रेषेच्या उजवीकडे वक्र खाली घसरत होता. आलेख देखणा होता आणि निष्कर्ष त्यातून निघत नव्हता.

वादळ नसते तर?

मार्गदर्शकांनी मसुदा परत करताना एवढेच विचारले, “त्या दिवशी वादळ झालेच नसते, तर सूर्यास्तानंतर ऑक्सिजन किती असता?”

प्रश्न नदीच्या हिरवेपणाशी निगडित आहे. डोहातील सूक्ष्म शेवाळ दिवसा प्रकाशसंश्लेषण करून पाण्यात ऑक्सिजन सोडते. मे महिन्याच्या कडक उन्हात दुपारी त्याचे प्रमाण पाणी सहज धरू शकेल त्या संपृक्त पातळीच्याही वर जाऊ शकते. ३० अंश सेल्सिअसला ही पातळी समुद्रसपाटीजवळ सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर असते. सूर्य उतरला की उत्पादन थांबते, श्वसन चालूच राहते, आणि पहाटे ऑक्सिजन दिवसातील नीचांकाला पोहोचतो. म्हणजे वादळ असो वा नसो, या नदीत संध्याकाळी ऑक्सिजन उतरणारच. वादळे संध्याकाळी येतात आणि ऑक्सिजनही संध्याकाळी उतरतो. दोन गोष्टी एका वेळी घडतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

गटाने मग निरभ्र दिवशी, त्याच पुलावर, त्याच पिंजऱ्याने, वादळाच्या दिवशीच्याच वेळांना नमुने घेतले. कोरडी संध्याकाळही घसरली. वादळाच्या संध्याकाळइतकी नाही, पण पुष्कळ. लाल रेषेनंतरच्या घसरणीतील मोठा हिस्सा मावळत्या सूर्याचा होता, आणि उरलेला लहान हिस्सा वादळाचा की पाच वाजताच दाटून आलेल्या ढगांचा हेही निश्चित सांगता येत नव्हते. गटातील दोघांना प्रकल्प वाया गेला असे वाटले, हे त्यांनी तोंडी परीक्षेत प्रांजळपणे सांगितले.

याच वेळी कांसेच्या पुलावरचा, कोणीही लक्ष न दिलेला एक आकडा पुढे आला. वादळानंतर लगेच कांसेतील ऑक्सिजन कमी झालेला नव्हता. थोडा वाढलेलाच होता. ताजे पावसाचे पाणी हवेतून येताना ऑक्सिजन घेऊन येते, खळाळताना आणखी घेते, आणि थंड पाण्याची धारणक्षमताही अधिक असते: २५ अंशाला ती सुमारे ८.३ मिलिग्रॅम आहे. घाण पाण्यात पडली म्हणून ऑक्सिजन त्या क्षणी नाहीसा होत नाही. जिवाणूंना ती खावयास वेळ लागतो, आणि तोवर ते पाणी कांस सोडून नदीच्या डोहात जाऊन बसलेले असते. वादळाचा परिणाम त्या संध्याकाळी कांसेवर शोधणे म्हणूनच निष्फळ होते.

दुसऱ्या दिवसाची दुपार

सुदैवाने पहिल्या वादळानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही गटाने नदीच्या पुलावर नमुने घेतले होते. वादळ संपल्यावर हे आकडे ‘फक्त पूर्णतेसाठी’ म्हणून शेवटच्या पानावर होते. कोरड्या दिवशी दुपारी ऑक्सिजन डोंगर चढावा तसा चढत असे. वादळानंतरच्या स्वच्छ, उन्हाच्या दुपारी तो चढलाच नाही. ऊन होते, वेळ तीच होती, रात्र संपलेली होती, आणि तरीही पाणी संपृक्त पातळीच्या कितीतरी खाली पडून होते. ढग किंवा सूर्यास्त या कारणांना येथे जागा नव्हती. वादळाचा ठसा होता तो हा.

त्याची कारणे गटाने तीन मांडली आणि तिन्ही एकाच वेळी काम करीत असावीत. पुराच्या पाण्याने डोहातील शेवाळाचा बराच भाग पुढे वाहून नेला, त्यामुळे ऑक्सिजन तयार करणारेच कमी झाले. जे उरले त्यांना गढूळ पाण्यातून प्रकाश मिळेना. आणि कांसेतून आलेली सेंद्रिय घाण व ढवळलेला काळा गाळ यांना कुजताना ऑक्सिजन लागत होता, दिवसा आणि रात्रीही. तीन दिवसांच्या बीओडीचे आकडे तोवर हाती आले होते आणि ते तिसऱ्या कारणाला दुजोरा देत होते. पहिल्या दोन कारणांतील वाटणी करण्यासाठी शेवाळातील हरितद्रव्य मोजावे लागले असते, तशी सोय विभागात होती आणि ती वापरली गेली नाही. अहवालाचे गुण येथे थोडे कमी झाले.

जूनमध्ये दुसरे वादळ आले ते पहिल्यापेक्षा अधिक पावसाचे होते, पण बाटल्यांतील पाणी पहिल्याइतके काळे नव्हते आणि नदीची दुपार लवकर सावरली. पहिल्या वादळापूर्वी महिनोन्महिने साचलेली घाण दुसऱ्यासाठी शिल्लक नव्हती. दोन वादळांवरून नियम काढता येत नाही, आणि गटाने तो काढलाही नाही. केवळ दोन्ही वादळांपूर्वीच्या कोरड्या दिवसांची संख्या तक्त्यात शेजारी ठेवली.

एक हिशेब अहवालात कच्चा राहिला. नदीत किती घाण गेली हे सांगण्यासाठी पाण्यातील प्रमाणाला प्रवाहाने गुणावे लागते. समजा, कोरड्या दिवशी कांसेत सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी ३० मिलिग्रॅम बीओडीचे वाहते, तर सेकंदाला १५ ग्रॅम भार नदीत जातो. वादळात सहा घनमीटर पाणी २० मिलिग्रॅमचे वाहिले तर भार १२० ग्रॅम, म्हणजे आठपट, जरी प्रमाण कमी दिसते. प्रवाहाचा वेग गटाने चातुर्याने मोजला. पुलावरून लिंबू किंवा संत्रे टाकण्याऐवजी वाहत येणारे जलपर्णीचे पुंजके दोन खुणांमधील अंतर किती वेळात कापतात हे पाहिले, आणि पृष्ठभागाच्या वेगाला रूढीप्रमाणे ०.८५ ने गुणून सरासरी काढली. पण कांसेच्या तळाचा छेद कोरड्या दिवशी वरून दोर सोडून मोजलेला होता, आणि वादळात तळ खरवडला जातो. त्यामुळे भाराचे आकडे अहवालात ‘सुमारे’ या शब्दासह, एका दशांशापर्यंतही न नेता, द्यावयास हवे होते. ते दोन दशांशांपर्यंत दिलेले होते.

तोंडी परीक्षेत शेवटचा प्रश्न पहाटेविषयी होता. ऑक्सिजनचा नीचांक सूर्योदयापूर्वी येतो, आणि मासे मरतात तर तेव्हाच मरतात. वादळानंतरच्या पहिल्या पहाटेचा एकही आकडा अहवालात नव्हता, कारण अंधारात मगरींच्या नदीवर विद्यार्थ्यांना पाठविण्यास मार्गदर्शकांनी नकार दिला होता आणि तो योग्यच होता. पिंजऱ्यात रात्रभर ठेवता येईल असे नोंदक उपकरण पुढच्या तुकडीसाठी मागवावे, अशी शिफारस अहवालात होती. गटप्रमुख विद्यार्थिनीने त्यात तोंडी भर घातली. उपकरण मिळेपर्यंत सूर्योदयाच्या वेळी, साधारण सहाला, उजाडल्यावर पुलावरूनच घेतलेला नमुना तरी प्रत्येक कोरड्या आणि वादळी दिवसासाठी घ्यावा, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात आदल्या संध्याकाळी किती वाजता ढग आले हेही लिहावे, असे तिने सुचविले.